शेरा

एकतीस वर्षं मी कंपनीत लॉगबुक भरलं.
तास, तापमान, दाब.
शेरा: ठीक.
त्या शेवटच्या रकान्यात याहून वेगळं
मी कधी काही लिहिलं नाही,
कुणी वाचलंही नसतं.

मग कंपनी गुजरातला गेली.
मी राहिलो कोपरखैरण्यातच,
आणि सोसायटीच्या सभेत सगळे आपापल्या चपलांकडे बघत असताना
माझी एकट्याची मान वर होती,
म्हणून सेक्रेटरी झालो.

हाती आलं ते एवढंच:
पावतीपुस्तक, गच्चीची किल्ली,
मीटरच्या खोलीबाहेरचा फळा
आणि डबाभर दमट खडू.

"उद्या पाणी येणार नाही. नोंद घ्यावी."
नोंद कुणी घेतली नाही.
दुसऱ्या दिवशी अंगाला साबण लावलेली माणसं
दाराच्या फटीतून माझ्या नावाने ओरडत होती.

एका मंगळवारी टाकी धुवायची होती.
खाली इस्त्रीवाल्याचा रेडिओ चालू,
आणि लिहिता लिहिता हातून निसटलं:
"टाकी उद्या आंघोळ करणार आहे.
त्याआधी आपापली उरकून घ्या."

पुसणारच होतो. फडकं उचललं होतं.
तेवढ्यात तीनशे चारच्या मढवीबाई
पिशवी खाली ठेवून वाचत उभ्या राहिल्या.
बोलल्या काहीच नाहीत.
ओठाच्या एका कोपऱ्यातून हसल्या
आणि बाजार सोडून परत वर गेल्या,
पिंप भरायला.

त्या रात्री खिडकीतून नेहमीचा केमिकलचा वास
आणि मी टक्क जागा.
'आंघोळ' कुठून आली?
जिथून आली, तिथे आणखी काही आहे का?

तेव्हापासून जिना चढताना
मी शब्द वाजवून बघतो, नारळासारखे.
काही नुसतेच वाजतात, आत पाणी नसतं.
लिफ्ट बंद आहे म्हटलं की शिव्या येतात;
लिफ्ट दमली आहे म्हटलं
तेव्हाही आल्या,
पण जरा दम खाऊन.

खजिनदार शेट्ये म्हणाले,
ही नोटीस आहे की काव्य?
"नोटीसच आहे," मी म्हटलं. आवाज उगाच चढला.
कान तापले होते,
दुसऱ्याच्या झाडाची फुलं तोडताना सापडल्यासारखे.

मग पावसाळ्यानंतर एके सकाळी
खडू हातात धरून मी तासभर उभा होतो.
जे सुचत होतं ते सगळं पुसलं.
शेवटी राहिलं ते असं:
"ब विंगचे हरिहर घैसास काल रात्री गेले.
जिन्यातला दिवा रोज तेच लावायचे."

संध्याकाळी दिवा लावायला मी खाली उतरलो,
तर तो लागलेला होता.
कुणी लावला ते विचारलं नाही.
अजूनही रोज लागतो,
कधी सातला, कधी साडेसातला,
हात बदलत असावेत.

घरी मंदाकिनीला हे सगळं सांगितलं, जरा फुशारकीनेच.
ती कुकरची शिट्टी काढत म्हणाली,
कालच्या भाताचं मी आजवर काय काय केलं!
वड्या केल्या, सांडगे केले, ओवा घालून थालीपीठ केलं.
तुमच्या साहेबांना एकदा तेच वाढलं,
त्यांनी दोनदा मागून घेतलं.
आणि तुमचा शेरा काय?

मला आठवला.
तिलाही आठवत होता.

आता पानात आहे ते काहीतरी नवंच,
वरून कुरकुरीत, आत मऊ, मधेच एक मिरी.
नाव तिनेही ठेवलेलं नाही.
घास तोंडात धरून मी बसलो आहे,
ती समोर, हनुवटीला हात लावून.

सावकाश, म्हणते,
एवढी वर्षं थांबले,
गार होईल तेवढंच.